साडेअकराचा खेळ

मुंबईत एखादे जुने थिएटर बंद पडले की वर्तमानपत्रांत ठरल्यासारखे लेख येतात. दर्शनी भागाचा फोटो, आर्ट डेको शैलीचे कौतुक, उद्घाटनाला कोणता चित्रपट लागला होता याची नोंद, एखाद्या म्हाताऱ्या डोअरकीपरच्या आठवणी. ही हळहळ खरी असते, पण ती इमारतीपाशी थांबते. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. इरॉस आणि रीगल ही दोन्ही थिएटरे त्यात आहेत. इरॉस २०१७ मध्ये बंद झाले होते. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा बाहेरचा डौल राखून आत तीनशेच्या आसपास खुर्च्यांचा आयमॅक्स पडदा बसवलेला होता. १९३८ साली ते सुरू झाले तेव्हा तिथे हजाराहून अधिक माणसे एका वेळी बसत. वास्तू वाचली याचा आनंदच आहे. पण या वास्तूंमध्ये सकाळी साडेअकराला जे चालायचे त्याचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

मी मॅटिनीबद्दल बोलतो आहे. माझ्या मते या शहराने थिएटरे गमावली त्यापेक्षा मोठी गोष्ट गमावली ती म्हणजे जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर, तिकीट काढून, कुणालाही, कोणत्याही आठवड्यात पाहता येण्याची सोय. पॅरिस किंवा न्यूयॉर्कमध्ये अशा सोयीसाठी वेगळी थिएटरे उभी राहिली, त्यांचे इतिहास लिहिले गेले. मुंबईत तिच्यासाठी वेगळी इमारत नव्हती. ती वेळापत्रकात होती, म्हणून ती गेली तेव्हा पाडकामाचा आवाजही झाला नाही.

मॅटिनीचे अर्थकारण सरळ होते. नवा चित्रपट तीन, सहा आणि नऊच्या खेळांना लागायचा. सकाळची वेळ रिकामी. पण वॉचमन, डोअरकीपर, ऑपरेटर यांचे पगार आणि विजेचे बिल तर चालूच. तेव्हा मालक ती वेळ कमी भाड्याने द्यायचा आणि वितरक तिथे असा चित्रपट लावायचा ज्याच्या प्रिंटचा खर्च केव्हाच वसूल झाला आहे. हे सौदे लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ सिनेमाच्या आवारात व्हायचे. तिथे वितरकांची कचेरी कचेरीला लागून होती. शुक्रवारी नव्या चित्रपटाचे भवितव्य तिथेच कळायचे आणि त्याच जिन्यावर दहा वर्षांपूर्वीच्या प्रिंटचाही पुढच्या आठवड्याचा मुक्काम ठरायचा. वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या पानावर नव्या चित्रपटाच्या मोठ्या चौकटीखाली दोन ओळींची बारीक चौकट असे: चित्रपटाचे नाव, थिएटरचे नाव, ‘रोज ११.३०’. ही बारीक चौकट म्हणजे शहराचे चालतेबोलते चित्रपट-संग्रहालय होते. त्याला कुणी संचालक नव्हता, अनुदान नव्हते. पण कॉलेजचा तास चुकवलेला मुलगा, रात्रपाळी करून आलेला कामगार, मुलांना शाळेत सोडून आलेली बाई या सगळ्यांना ते परवडत होते आणि उघडे होते.

इथूनच चित्रपटांना दुसरा जन्म मिळायचा. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला. राज कपूरच्या ‘मेरा नाम जोकर’ने १९७० मध्ये त्याला कर्जात लोटले. दोन्ही चित्रपटांची आजची प्रतिष्ठा पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यातून आलेली नाही; पुढच्या प्रेक्षकांनी ते पुन्हा पाहिले म्हणून आली. मिनर्व्हाला ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला, त्यातली शेवटची वर्षे मॅटिनीची होती. चित्रपटाचा निकाल एका शुक्रवारी लागत नाही, हे मॅटिनीमुळे शहराला ठाऊक होते.

मराठी प्रेक्षकाला मात्र या साडेअकराची आठवण दुखरी आहे, आणि ती तशी असण्याला कारण आहे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात आला आणि गिरगावातल्याच सेंट्रलमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच शहरात पुढे मराठी निर्मात्याला चांगल्या वेळेसाठी थिएटरच्या दारात उभे राहावे लागले. नवा मराठी चित्रपटसुद्धा अनेकदा मॅटिनीवर ढकलला जायचा. १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तेव्हा शिवसेना रस्त्यावर उतरली आणि जागा मिळवून दिली. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्याचा आग्रह धरला, तेव्हाही भांडण वेळापत्रकाचेच होते. म्हणजे वेळापत्रक हेच थिएटरचे खरे राजकारण आहे, हे मराठी माणसाला इतरांपेक्षा आधी कळले होते. लालबागचे भारतमाता गिरणगावाला आपले वाटले तेही याचमुळे. तिथे मराठी चित्रपटाला उपऱ्यासारखे वागवले जात नव्हते. पण आपण हे भांडण कायम नव्या चित्रपटासाठी केले. जुन्या मराठी चित्रपटाला या शहरात रोजचा एक खेळ असावा, अशी मागणी कुणी केल्याचे मला आठवत नाही. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘सामना’ हे आजच्या पंचविशीतल्या मराठी मुलाने पाहिले असतील तर मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी.

मॅटिनीचा दुसरा, त्याहून दुर्लक्षित भाऊ ग्रँट रोडला पिला हाऊसच्या परिसरात होता. अल्फ्रेड, न्यू रोशन, निशात, रॉयल, गुलशन. ही मुळात पारशी रंगभूमीच्या काळातली वस्ती. नाटकगृहांची पुढे सिनेमागृहे झाली आणि मग शहराने त्यांच्याकडे पाठ फिरवली. तिथे अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत तीस-चाळीस रुपयांच्या आत तिकीट होते, दारावर हाताने रंगवलेली पोस्टरे होती आणि धर्मेंद्रचे, मिथुनचे वीस-तीस वर्षांपूर्वीचे चित्रपट आठवड्या-आठवड्याला बदलत होते. प्रेक्षक म्हणजे हमाल, हातगाडीवाले, हॉटेलातली पोरे, गावाहून आलेले आणि रात्री कुठे टेकायचे याची खात्री नसलेले पुरुष. दुपारच्या खेळाला निम्मे जण पंख्याखाली झोपलेले असत, पिशवी पायात अडकवून. उरलेले निम्मे संवाद पडद्याच्या आधी म्हणत. ही थिएटरे स्वच्छ नव्हती, बाईमाणसाला तिथे जाता येत नव्हते, हे लपवण्याचे कारण नाही. पण जुना चित्रपट सातत्याने पडद्यावर जिवंत ठेवण्याचे काम मुंबईत कुणी सर्वांत जास्त काळ केले, असे विचाराल तर उत्तर हेच आहे. आमच्या चित्रपटविषयक लिखाणात त्यांना जागा मिळाली ती गुन्हेगारीच्या किंवा गमतीच्या सदरात. हा अन्याय आहे.

याच काळात, याच शहरात, दुसऱ्या टोकाला फिल्म सोसायट्या वाढत होत्या. १९५२ च्या जानेवारीत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ इथल्या माणसांनी पाहिला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. दोन्हींचे नाते पडद्यावर उघड दिसते. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झाली. सत्यजित राय अध्यक्ष होते आणि पायाभरणीच्या कामात विजया मुळे ही मुंबईत जन्मलेली मराठी बाई पुढे होती. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्यांनी त्यात आयुष्य घातले, ‘वास्तव रूपवाणी’ हे मराठी नियतकालिक चालवले, आणि चित्रपटाकडे कथेच्या पलीकडे पाहायचे असते हे मराठी मध्यमवर्गाला शिकवले. वकिलातींकडून मिळालेली रिळे, भाड्याचे सभागृह, सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची घरघर, खेळ संपल्यावर शेवटची लोकल गाठेपर्यंत चाललेली चर्चा. पोलंड, हंगेरी, जपान, सोव्हिएत संघ इथले चित्रपट या माणसांनी असे पाहिले. मराठीतल्या पुढच्या कित्येक समीक्षकांची आणि दिग्दर्शकांची नजर या अंधारात घडली, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

पण या सोसायट्यांचे दार बंद होते. कायद्यानेच तसे होते. सेन्सॉरमधून सूट हवी तर खेळ फक्त सभासदांसाठी. रस्त्यावरून जाणारा माणूस खिडकीवर पैसे टाकून आत येऊ शकत नव्हता. उलट मॅटिनीचे दार सताड उघडे, पण तिथे काय लागावे हे ठरवणारी दृष्टी नव्हती; ज्याची प्रिंट स्वस्त मिळाली ते लागायचे. एका ठिकाणी निवड होती आणि प्रेक्षक मोजके, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षक होते आणि निवड नव्हती. मुंबईच्या चित्रपट-संस्कृतीची खरी शोकांतिका मला इथे दिसते. हे दोन प्रवाह शंभर पावलांच्या अंतरावरून पन्नास वर्षे वाहिले आणि कधी मिळाले नाहीत. १९६८ मध्ये अरुण कौल आणि मृणाल सेन यांनी नव्या सिनेमाचा जाहीरनामा काढला, छोट्या कलात्मक चित्रपटगृहांची गरज बोलून दाखवली गेली. चर्चगेटच्या आकाशवाणी सभागृहासारखे प्रयोग झाले. त्यांना ना पैशाचे पाठबळ राहिले ना चिकाटीचे.

नंतरची घसरण थोडक्यात सांगता येते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि जुना चित्रपट घरात आला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नव्वदीत केबल. मॅटिनीचा प्रेक्षक असा हप्त्याहप्त्याने गेला. दुसरीकडे थिएटरच्या खालची जमीन थिएटरपेक्षा महाग झाली. २००१ मध्ये महाराष्ट्राने मल्टिप्लेक्सना करमणूक करात भरघोस सवलत दिली, पहिली काही वर्षे तर पूर्ण माफी. एकपडदा थिएटरला ती मिळाली नाही. त्याने पूर्ण कर भरत स्पर्धा करायची होती. मग चित्रपटाची रिळेच बंद झाली. सगळे डिजिटल झाल्यावर जुन्या प्रिंटला लावायला यंत्र उरले नाही, आणि ज्या चित्रपटाची डिजिटल प्रत कुणी केली नाही तो थिएटरपुरता संपला. नाझच्या जिन्यावरचा तो जुना सौदा तांत्रिकदृष्ट्याच अशक्य झाला.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जुने थिएटर पाडले तर नव्या इमारतीत मूळ आसनांच्या निदान एक तृतीयांश आसनांचे चित्रपटगृह ठेवले पाहिजे, असा नियम मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत केला गेला. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. पण त्याने खुर्च्या मोजल्या, खेळ मोजले नाहीत. त्यामुळे पाचव्या मजल्यावर, मॉलच्या सरकत्या जिन्यांनंतर एक छोटे सभागृह उभे राहते, त्यात देशातल्या इतर तीन हजार पडद्यांवर चालू असलेलाच चित्रपट लागतो, आणि कागदावर थिएटर वाचलेले असते.

या मुद्द्यावर मला मराठा मंदिरचे उदाहरण हटकून ऐकवले जाते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला आला आणि मुंबई सेंट्रल स्थानक व एसटी डेपो यांच्या समोरच्या त्या थिएटरात सकाळच्या खेळाला चालत राहिला. २०१५ मध्ये हजार आठवडे उलटल्यावर तो उतरवायचे ठरले, तर लोकांनी ऐकले नाही. गाडीला वेळ असलेला प्रवासी, नवे लग्न झालेले जोडपे, दहावीचा निकाल लागलेली पोरे तिथे आजही स्वस्तात बसतात, हे मला मनापासून आवडते. स्वस्त तिकिटाचा आणि उघड्या दाराचा धर्म त्या थिएटराने पाळला. पण तीन दशके रोज एकच चित्रपट ही त्या चित्रपटावरची भक्ती झाली. चित्रपटांच्या परंपरेशी ओळख करून द्यायची तर उद्या दुसरा चित्रपट लागावा लागतो. त्याच वेळेला एका आठवड्यात ‘प्यासा’, पुढच्या आठवड्यात ‘उंबरठा’, मग ‘जाने भी दो यारो’ असे तीस वर्षे चालले असते तर मुंबईत दोन पिढ्यांचा प्रेक्षक वेगळाच घडला असता.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते, थिएटर कशाला?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण सगळे मिळत नाही. कोणता चित्रपट कोणत्या महिन्यात ओटीटी मंचावर राहील हे करार ठरवतात, आणि जे मिळते ते शोधायला आधी नाव माहीत असावे लागते. मॅटिनीला माणूस नाव न जाणता शिरायचा आणि जाणून बाहेर यायचा. शिवाय शांताराम, मेहबूब, गुरुदत्त यांनी चौकट बांधली ती तीस-चाळीस फुटांच्या पडद्यासाठी. ‘संत तुकाराम’मधली जिजाई तळहाताएवढ्या काचेवर कर्कश वाटते. अनोळखी दोनशे माणसांबरोबर पाहताना तिच्या भुकेचे आणि विनोदाचे वजन कळते, कारण सभागृह तिच्या बाजूने हसते.

प्रेक्षक येत नाहीत, हा दुसरा आक्षेप तर आता उरलाच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अमिताभ बच्चन यांचे अकरा जुने चित्रपट चार दिवस देशभरातल्या थिएटरांत लावले, तिथे तरुण मुले शिट्ट्या मारत होती. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला, २०२४ मध्ये डागडुजी होऊन आधी कान महोत्सवात आणि मग आपल्या थिएटरांत आला. त्याच वर्षी राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि २०१८ च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. ‘कागज के फूल’ला जे मिळायला दशके लागली ते ‘तुंबाड’ला सहा वर्षांत मिळाले. पण या लाटेवर विसंबता येणार नाही. मल्टिप्लेक्सच्या साखळ्यांनी जुने चित्रपट लावले ते नव्या चित्रपटांचे आठवडे रिकामे गेले म्हणून. मोठा चित्रपट आला की पहिला बळी याच खेळांचा जातो. आणि निवड पुन्हा त्याच नावांची, जी आधीच लोकप्रिय आहेत.

मग करायचे काय? आपल्याच देशात उत्तरे आहेत. कोलकात्यात पश्चिम बंगाल सरकारने १९८५ मध्ये ‘नंदन’ हे चित्रपटगृह उभारले, उद्घाटन सत्यजित राय यांच्या हस्ते झाले, आणि विद्यार्थ्याला परवडणाऱ्या तिकिटात ते चालू आहे. तिरुवनंतपुरममध्ये केरळच्या चित्रपट महामंडळाची स्वतःची थिएटरे आहेत. नंदनमध्ये कोणता चित्रपट लागावा यावर सरकारची मर्जी चालते अशा तक्रारी झाल्या आहेत. त्यातून धडा इतकाच, की इमारत सरकारची असावी आणि कार्यक्रम सरकारने ठरवू नये. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातून सुमारे पावणेअकरा टक्के रक्कम चित्रपट निधीत जाते आणि त्यातून निवडक चित्रपट दाखवणाऱ्या छोट्या थिएटरांना मदत मिळते. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधली थिएटरे केवळ रसिकतेवर टिकलेली नाहीत.

आणि महाराष्ट्राला हे परके नाही. पुण्याच्या महापालिकेने १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर बांधले. मुंबई महापालिका पार्ल्यात दीनानाथ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडमध्ये कालिदास नाट्यगृह चालवते. गळकी छते, बंद वातानुकूलन, स्वच्छतागृहांची दुरवस्था यावर नाटकवाले कायम भांडतात आणि भांडलेच पाहिजे. तरी उपनगरांतले मराठी नाटक या सभागृहांवर उभे आहे. नाटकासाठी पालिकेने घर बांधावे हे ज्या राज्याला स्वाभाविक वाटते, त्याला चित्रपटासाठी एकही घर बांधावेसे वाटले नाही, तेही दादासाहेब फाळके यांच्या राज्यात.

चित्रपटांचा तुटवडा आहे असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, पी. के. नायर यांनी वणवण करून जमवलेल्या ठेव्यासह, हजारो चित्रपट सांभाळले आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे बावीसशे चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. हा पैसा तुमचा-आमचा आहे. डागडुजी झालेला चित्रपट एका महोत्सवात, निमंत्रितांसमोर एकदा दाखवून पुन्हा कपाटात जाणार असेल तर तो जीर्णोद्धार अर्धाच झाला.

म्हणून मागणी नेमकी असावी. थिएटर पाडून मॉल बांधणाऱ्याला जी एक तृतीयांश आसने ठेवायला लावता, तिथे रोजचा एक खेळ जुन्या चित्रपटाचा असावा, ही अट नियमात घाला. त्या खेळाची निवड फिल्म सोसायट्यांकडे द्या. पन्नास वर्षे त्यांनी हेच काम बंद दाराआड केले आहे, आता उघड्या दाराने करू द्या. चित्रपट संग्रहालयाने डिजिटल प्रती नाममात्र भाड्याने द्याव्यात. तिकीट लोकलच्या प्रवाशाला परवडेल असे ठेवा. मुंबई महापालिकेला आपल्या नाट्यगृहांपैकी एकात, आठवड्यातल्या सकाळच्या रिकाम्या वेळा घेऊन याची सुरुवात उद्याही करता येईल; प्रोजेक्टर आणि पडदा एवढाच खर्च आहे. आणि वाचकहो, तुमच्या भागातल्या जुन्या थिएटरच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव येईल, हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा इमारतीचा दर्शनी भाग जपा असे जरूर लिहा. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: साडेअकराला काय लावणार, ते सांगा.